पिवळ्या रंगाखालचा जोड

२०१७च्या जानेवारीत माझ्या गॅरेजसमोर एक जुनी मिनीबस येऊन उभी राहिली. ती घेऊन आलेला माणूस म्हणाला, ही दुरुस्त करायची नाही, पाडायची आहे.

माझं गॅरेज चारोटी नाक्याच्या अलीकडे, हायवेला लागून. मागच्या बाजूला घर. ट्रकच्या चेपलेल्या केबिन सरळ करणं, बॉडीचं वेल्डिंग, चासीला पट्ट्या मारणं ही माझी कामं. हायवेवर मोठा अपघात झाला की कधीकधी मला गॅस कटर घेऊन बोलावत. आत अडकलेला माणूस काढायला पत्रा कुठून कापायचा, हे मी तिथेच शिकलो. त्याबद्दल घरी मी फारसं बोललो नाही. पण गाडी पडल्यावर कशी दिसते हे या भागात कोणाला विचारायचं असेल, तर लोक माझ्याकडे बोट दाखवत. त्या माणसालाही नाक्यावरच्या हॉटेलवाल्याने असंच पाठवलं होतं.

तो सिनेमातला फाईट मास्टर होता. बुटका, कमी बोलणारा. त्याने मला सगळं समजावून सांगितलं. सिनेमात मजुरांनी भरलेली बस वळणावरून खाली कोसळते. हा सीन तलासरीच्या पुढे, डोंगराकडे जाणाऱ्या एका जुन्या, आता न वापरल्या जाणाऱ्या रस्त्यावर घ्यायचा होता. बसची एका बाजूची चाकं लोखंडी रॅम्पवर चढणार, बस दोनदा लोळणार आणि खालच्या कापणी झालेल्या भातशेतात जाऊन थांबणार. आत प्रवासी नसतील, चालवणारा एकटाच असेल. त्याच्याभोवती लोखंडी पाइपांचा पिंजरा करून द्यायचा. मुंबईत हे काम नेहमी करणारा कारागीर दुसरीकडे अडकला होता.

मी लगेच हो म्हणालो. आयुष्यभर पडलेल्या गाड्या उघडत आलो होतो. पडण्याआधी गाडीत काही करता येतं, ही कल्पनाच मला आवडली.

दुसऱ्या दिवशी चालवणारा आला. पन्नाशीचा, सडपातळ, केसांना कलप लावलेला. डहाणू रोडला स्टेशनजवळच्या लॉजवर उतरला होता. रोज सकाळी रिक्षाने यायचा आणि जुन्या टायरवर बसून माझं काम पाहायचा. त्याला बसच्या सीटवर बसवून मी डोक्यापासून छपरापर्यंतचं, खांद्यापासून दरवाजापर्यंतचं अंतर मोजलं. तो हलला नाही, जणू शिंप्याकडे माप द्यायला आलाय. मी एखादा पाइप बसवला की तो उठून यायचा, त्याच्यावर हात ठेवून सगळं वजन टाकायचा आणि परत जाऊन बसायचा. पिंजऱ्याबद्दल त्याने कधी काही विचारलं नाही.

दुपारी तो आमच्याकडेच जेवायचा. माझ्या बायकोने बोंबलाचं कालवण केलं की तो दोनदा भात घ्यायचा. तिने एकदा त्याला विचारलं, हे काम घरच्यांना चालतं का. तो म्हणाला, घरी आता सांगतच नाही, काम झाल्यावर फोन करतो. वीस-बावीस वर्षं तो गाड्या पाडत होता. पूर्वी महिन्यात चार-पाच गाड्या व्हायच्या. आता दोन-तीन महिन्यांतून एखादी.

"हल्ली गाडी कॉम्प्युटरमध्ये पडते," तो म्हणाला. "कुणाला लागत नाही. चांगलंच आहे म्हणा."

ते कॉम्प्युटरवालेही तिसऱ्या दिवशी आले. म्हणजे एक मुलगी आली, सव्वीस-सत्तावीस वर्षांची, पाठीवर बॅग. ती मला काका म्हणायची. तिने बसचे सगळ्या बाजूंनी फोटो काढले, अगदी खाली सरपटत जाऊन चासीचेही. मग बाकड्यावर लॅपटॉप ठेवून तिने मला दाखवलं. हीच बस, हाच उडालेला रंग, डाव्या बाजूचा हाच चेपलेला पत्रा. फक्त ती माझ्या अंगणात नव्हती. एका मोकळ्या करड्या जागेत होती, आणि मुलीने बटण दाबलं तशी ती लोळू लागली. चारदा लोळली, खोक्यासारखी.

मी न राहवून म्हणालो, बस अशी नाही पडत. मग कशी पडते, म्हणून ती विचारत राहिली आणि मी सांगत गेलो. पहिल्या आपटीत छप्पर कागदासारखं चुरगळत नाही, आधी पुढचा खांब वाकतो, मग छप्पर त्याच्या मागे जातं. चाकं लगेच थांबत नाहीत. वजन इंजिनाकडे असल्याने बस सरळ लोळत नाही, नाक खाली घालून लोळते. तिने सगळं वहीत लिहून घेतलं. बोलता बोलता तिच्याकडून मला कळलं की अजून काहीच पक्कं नाही. दिग्दर्शकाला खरी बस पाडायची होती. पैसे घालणाऱ्यांचं म्हणणं होतं की रिकामा रस्ता शूट करा, बस नंतर आत टाकू. उगाच कोणाचा जीव धोक्यात कशाला घालायचा.

हे सगळं चालवणारा टायरवर बसून ऐकत होता. ती गेल्यावर म्हणाला, "मिस्त्री, तुम्ही तिला सगळंच शिकवलंत." आवाजात राग नव्हता, पण त्या दिवशी तो जेवायला थांबला नाही.

पाचव्या दिवशी ती गोष्ट घडली.

पिंजऱ्याचे सोळा जोड होते. प्रत्येक जोडावर मी वेल्डिंगचे दोन हात मारत होतो. पहिला हात दोन पाइप धरून ठेवण्यासाठी, त्यावर जमलेली वितळलेल्या रॉडची खपली उडवून, ब्रशने साफ करून मग दुसरा भरीव हात. खरी ताकद त्या दुसऱ्या हाताची. दुपारी अडीच-तीनच्या सुमारास मी ड्रायव्हरच्या सीटमागचा, जमिनीलगतचा जोड करत होतो. विजेचा दाब त्या दिवशी सारखा खालीवर होत होता, रॉड चिकटत होता. तेवढ्यात माझ्या मुलीच्या शाळेतून फोन आला. ती तेव्हा चौथीत होती. मैदानात पडून हनुवटी फुटली होती. मी होल्डर तसाच टाकला आणि निघालो. दवाखान्यात तीन टाके पडले. ती रडली नाही, मीच तिचा हात फार घट्ट धरून बसलो होतो.

परतलो तेव्हा ऊन उतरलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी ट्रेलर येऊन बस तलासरीला नेणार होता आणि त्याआधी पिंजरा रंगवून हवा होता. मी उरलेले जोड केले, सगळ्यावर पिवळा रंग मारला. सकाळी बस गेली. शूटिंग चार दिवसांवर होतं.

पुढच्या दिवशी सकाळी चहा पिताना माझ्या मनात आलं, सीटमागच्या त्या जोडावर आपण दुसरा हात मारला का?

मी कप खाली ठेवला. डोळ्यांपुढे आणायचा प्रयत्न केला. पहिला हात मारताना चिकटलेला रॉड आठवत होता. फोन आठवत होता. दवाखान्यातली डेटॉलची बाटली आठवत होती. परतल्यावर मी आत शिरलो, उकिडवा बसलो, हेही आठवत होतं. पण तिथे बसून मी वेल्डिंग केलं की नुसता रंग मारला, ते काही केल्या आठवेना. कधी वाटायचं केलं, कारण ठिणगी पायावर पडल्याचं आठवायचं. मग वाटायचं ती ठिणगी आदल्या दिवशीची. पायावर भाजल्याच्या खुणा शोधल्या. खुणा पुष्कळ होत्या, त्यातली त्या दिवशीची कुठली ते कसं कळणार?

दिवसभर हातात दुसरं काम होतं. एका टेम्पोचा फाळका बसवत होतो, तो उलटा बसवला. माझ्या गॅस कटरने बाहेर काढलेले लोक एकेक करून आठवू लागले. त्यातल्या एकाची चप्पल मी स्वतः शोधून त्याच्या पायाशी नेऊन ठेवली होती, कारण तो ती मागत होता. तो पुढे वाचला की नाही हे मला कधी कळलं नाही.

दुपारी मी बायकोला सांगितलं. वाटलं होतं ती म्हणेल, तुमचा हात आहे, सवयीने केलंच असणार. ती भांडी घासत होती. हात थांबवून म्हणाली, "आठवत नाही ना? मग केलं नाही असं धरा. आणि जा, सांगून या."

मी म्हटलं, सांगितलं तर सगळं शूटिंग थांबेल, दोनशे माणसं बसून राहतील, आणि कदाचित जोड चांगलाच निघेल. ती म्हणाली, निघू दे की. एवढंच बोलून ती पुन्हा भांड्यांकडे वळली.

मास्टरकडे थेट जायचा धीर मला झाला नाही. संध्याकाळी मी डहाणू रोडला चालवणाऱ्याच्या लॉजवर गेलो. तो पलंगावर बसून गुडघ्याला पट्टी गुंडाळत होता. मी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. तो ऐकत राहिला, पट्टीचा एकेक वेढा सारखा करत.

"मास्टरला बोललात?" त्याने विचारलं.

मी नाही म्हणालो.

"बोलू नका. त्या लोकांना निमित्तच हवंय. पिंजरा कच्चा आहे एवढं कानावर गेलं, की बस रद्द. मग ती पोरगी कॉम्प्युटरमध्ये पाडेल. मी उद्याच्या गाडीने घरी." मग जरा थांबून म्हणाला, "शूटिंगच्या दिवशी पहाटे लवकर जाऊ. पॉलिश पेपरने रंग काढून बघू. चांगला असला तर कुणाला कळायचंही नाही."

आणि चांगला नसला तर? हे मी विचारलं नाही, त्यानेही सांगितलं नाही. घरी आल्यावर मी बायकोला म्हणालो की सांगून आलो. अर्धं खरं होतं. मधले दोन दिवस मी जेवलो, काम केलं, मुलीच्या हनुवटीची पट्टी बदलून आणली. पण कुणी मागून हाक मारली की मी हातातलं काम टाकून वळायचो.

शूटिंगच्या दिवशी उजाडता उजाडता आम्ही दोघं माझ्या मोटरसायकलवर तलासरीच्या त्या रस्त्यावर पोहोचलो. टेकडीवरचं गवत वाळून पिवळं पडलं होतं. रॅम्प लावून तयार होता. खाली भातशेत, नुसती खुंटं उरलेली. शेताच्या बांधावर एक म्हातारा उभा होता, ते शेत त्याचंच. चालवणारा नेहमीप्रमाणे पडायची जागा पायाखाली घालायला शेतात उतरला, मी बसकडे निघालो. म्हाताऱ्याने मला थांबवलं. आत माणूस बसणार का, असं त्याने विचारलं. मी हो म्हणालो. तो थोडा वेळ बसकडे पाहत राहिला आणि मग म्हणाला की वरच्या बाजूने पाणी झिरपतं, शेताचा तो कोपरा वरून कोरडा दिसतो पण आतून मऊ आहे, तुमच्या साहेबांना सांगा. मी मान डोलावली. माझं सगळं लक्ष त्या जोडाकडे लागलं होतं.

चालवणारा शेतातून परत आल्यावर बसच्या आत आम्ही दोघं उकिडवे बसलो. मी पेपर घासू लागलो. पिवळा रंग निघाला, खालचा लोखंडी रंग दिसू लागला. मग जोड दिसला.

एकच हात होता. बारीक, मध्ये तुटलेला, बारीक भोकांनी भरलेला. खपलीसुद्धा उडवलेली नव्हती. मी खपलीवरच रंग मारला होता.

चालवणाऱ्याने तिथे बोट फिरवलं. त्याची पाठ त्या जोडापासून हातभर अंतरावर येणार होती.   बाहेर गाड्या येऊन थांबू लागल्या होत्या, कुणीतरी चहाची किटली घेऊन फिरत होतं. शेवटी तो म्हणाला, "सांगा मास्टरला." आणि खाली उतरून लांब जाऊन उभा राहिला.

मी मास्टरला घेऊन आलो आणि दाखवलं. त्याने मला शिवी दिली नाही. दिली असती तर बरं वाटलं असतं. त्याने बाकीच्या पंधरा जोडांकडे पाहिलं आणि विचारलं, यातले किती असे आहेत? मी म्हणालो, हा एकच. त्याने विचारलं, कशावरून?  या एका जोडानंतर बाकीच्यांवर माझाही विश्वास राहिला नव्हता.

व्हायचं तेच झालं. प्रोडक्शनचा माणूस आला, फोन सुरू झाले. तो म्हणत होता की आता पुरे, रिकामा रस्ता शूट करा आणि निघा. दिग्दर्शक एका दगडावर जाऊन बसला. ती कॉम्प्युटरवाली मुलगीही आली होती. तिला विचारलं तेव्हा तिने सांगितलं की तिला पूर्ण बस करता येईल, पण बस जमिनीला टेकते तिथली माती, धूळ, उडणारे दगड खरे मिळाले तर फार फरक पडेल. 

मास्टरने निर्णय दिला. सगळे जोड उघडायचे, सगळ्यांवर पुन्हा वेल्डिंग, चार वाजेपर्यंत झालं तर बस पडेल, नाहीतर नाही. जनरेटर आणून दिला. सोळाच्या सोळा जोडांवरचा रंग मी ग्राइंडरने काढला. बाकीचे पंधरा ठीक होते. तरीही प्रत्येकावर आणखी एक हात मारला. मास्टर स्वतः शेजारी बसून राहिला, एकेक जोड पूर्ण झाल्यावर हातोडीने ठोकून मग पुढचा करू द्यायचा. घामाने डोळ्यांपुढची वेल्डिंगची काच धुरकट व्हायची. हात थरथरू नये म्हणून मी दोन जोडांच्या मध्ये मुठी आवळून सोडत होतो.

साडेतीनला संपलं. मास्टरने सगळ्यांसमोर विचारलं, "आता खात्री देतोस?"

"जोडांची देतो," मी म्हणालो. "बाकीची मला नाही देता येणार."

चालवणारा आत चढला. पट्टे आवळायला त्याने मलाच बोलावलं. खांद्यावरचा पट्टा ओढताना मी त्याच्या तोंडाकडे पाहायचं टाळलं. तो म्हणाला, अजून एक भोक आवळा. मी आवळलं आणि खाली उतरलो.

बस वळणावरून आली तेव्हा तिचा आवाज नेहमीच्या बससारखाच होता. ते मला फार विचित्र वाटलं. रॅम्पवर उजवी चाकं चढली, बस तिरकी झाली, हवेत असताना आवाज अगदी बंद झाल्यासारखा वाटला. मग पहिली आपटी. पुढचा खांब वाकला, छप्पर त्याच्या मागे गेलं. एक पूर्ण लोळण झाली. दुसऱ्या लोळणीत बसचं नाक शेताच्या त्या कोपऱ्यात घुसलं आणि बस अर्ध्यातच कुशीवर थांबली. कोपरा आतून मऊ होता.

म्हातारा सकाळी काय बोलला होता ते मला त्या क्षणी आठवलं. मी कोणालाही सांगितलं नव्हतं.

आम्ही धावलो. धूळ इतकी होती की बस दिसत नव्हती, नुसतं चाक फिरत असल्याचा आवाज येत होता. मी खिडकीतून डोकं घातलं. पिंजरा जसाच्या तसा होता, एकही पाइप जागचा हलला नव्हता. त्याच्या आत तो पट्ट्यांना लटकत होता, ओठ फुटून हनुवटीवर रक्त आलेलं.

"इंजिन बंद करा," तो म्हणाला. आणि मग, "माझा उजवा पाय कुठे आहे बघा, मला कळत नाहीये."

पाय जागेवरच होता. नाक मातीत घुसलं तेव्हा पुढचा पत्रा आत आला होता आणि ब्रेकच्या पॅडलमध्ये घोटा अडकून मोडला होता. तो पत्रा कुठून कापायचा ते मला माहीत होतं. मास्टरने तयारीला ठेवलेला कटर हातात घेतल्यावर माझे हात स्थिर झाले. दिवसभरात पहिल्यांदाच. सात-आठ मिनिटांत आम्ही त्याला बाहेर काढलं. म्हातारा बांधावरून बघत होता. 

घोट्याचं ऑपरेशन डहाणूतच झालं. चौथ्या दिवशी मी भेटायला गेलो, बायकोने कालवणाचा डबा दिला होता. सगळे मला सांगत होते की पिंजऱ्याने माणूस वाचवला. मास्टरने खांद्यावर हात ठेवला होता. ते ऐकून मला आणखीच कसंतरी होत होतं. डबा टेबलावर ठेवून मी त्याला म्हाताऱ्याबद्दल सांगितलं. कोपरा मऊ आहे हे मला सकाळीच कळलं होतं, सांगायचं राहून गेलं.

त्याने पायाखालची उशी सारखी केली. मग म्हणाला, "मी उतरलो होतो ना शेतात. माझाही पाय रुतला होता. मला वाटलं, मऊ आहे, बरंच आहे, दगडापेक्षा." थोड्या वेळाने त्याने डबा उघडून मागितला.

त्या उत्तराने माझं ओझं उतरलं असं मी म्हणणार नाही. त्याने मला बरं वाटावं म्हणून ते सांगितलं का, हेही मला माहीत नाही. मी पुन्हा विचारलं नाही.

सीन अर्धाच मिळाला होता. दीड लोळण. दुसरी बस आणून पुन्हा करायचं धाडस कोणालाच नव्हतं. उरलेलं त्या मुलीकडे गेलं. ती पुढच्या महिन्यांत मला अधूनमधून फोन करायची. काका, नाक घुसल्यावर मागची चाकं किती वर उचलली जातात? काका, पत्रा फाटतो तेव्हा आधी रंग उडतो का? मी आठवून आठवून सांगायचो. एकदा ती चारोटीला आली आणि हॉटेलात बसून तिने मला बस लोळताना दाखवली. या वेळी बस नाक खाली घालून लोळत होती. आत ड्रायव्हर होता. त्याला तोंड नव्हतं, नुसता करडा आकार, आणि तो पट्ट्यांत ज्या तऱ्हेने झुलत होता ते पाहून मी लॅपटॉप तिच्याकडे वळवून दिला.

सिनेमा लागेपर्यंत दोन वर्षं गेली. तोवर २०१९ची सुरुवात झाली होती आणि आमच्याकडे जमीन हलायला लागून काही महिने झाले होते. तलासरी, डहाणूच्या पट्ट्यात भूकंपाचे धक्के सारखे बसत होते. काही गावांत लोक अंगणात तंबू टाकून झोपत. आमच्या घराच्या मागच्या भिंतीला वरपासून खालपर्यंत भेग गेली होती. बायको रोज सकाळी तिच्यात आगकाडी घालून बघायची, रुंद झाली का म्हणून. मुलगी शाळेची बॅग दाराशी ठेवून झोपायची.

चालवणाऱ्याचा फोन आला, सिनेमा लागलाय, एकत्र बघू. बायको घर सोडून जायला तयार नव्हती. शेवटी मुलीसाठी निघाली. आम्ही तिघं वापीला गेलो, तिथे मोठं थिएटर आहे. तो मुंबईहून ट्रेनने आला होता. जरा लंगडत चालत होता. केसांना कलप नव्हता, मी आधी ओळखलंच नाही. त्याने मुलीची हनुवटी बघितली आणि खूण अगदी बारीक राहिली आहे म्हणाला.

बस मध्यंतरानंतर आली. रस्ता आमचाच होता, पण खाली भातशेत नव्हतं. खोल दरी होती आणि दरीच्या तळाशी नदी. आत प्रवासी भरलेले होते. चालवणाऱ्याच्या जागी दुसऱ्याच नटाचं तोंड होतं. बस रॅम्पवर चढली, म्हणजे रॅम्प पुसलेला होता, पण मला दिसला. ती तिरकी झाली. माझ्या शेजारी त्याने माझं मनगट धरलं. पहिली आपटी, खांब, छप्पर. एक लोळण.

"इथवर मी," तो हळू म्हणाला आणि हात सोडला.

आणि त्याच वेळी थिएटर गडगडलं. खालून आवाज असा आला की खुर्च्या हलल्या. माझ्या पलीकडे बायको उठून उभी राहिली, मुलीला काखेत धरून. आणखी दोन-तीन ओळींतली माणसंही उठली, तीही आमच्याच बाजूची असणार. मागून कुणीतरी म्हणालं, बसा हो, सिनेमा आहे. बायको बसली नाही. मी तिला हाताला धरून पॅसेजमध्ये नेलं. तिथे भिंत हलत नव्हती, दिवा हलत नव्हता. तेव्हा कुठे तिने श्वास सोडला. मुलगी म्हणाली, आई, स्पीकर आहेत. परत जागेवर येईपर्यंत बस नदीत पडून सीन संपला होता. त्या कॉम्प्युटरवाल्या मुलीने दोन वर्षं घालून केलेलं ते सगळं माझं बघायचं राहूनच गेलं.

बाहेर आल्यावर चालवणाऱ्याने विचारलं, काय झालं होतं. बायकोने भूकंपाचं सांगितलं. त्याला पेपरात वाचून माहीत होतं, पण रोज होतं हे माहीत नव्हतं. चहा पिताना तो म्हणाला की आता गाड्या पाडत नाही. त्या कॉम्प्युटरवाल्या मुलीनेच त्याला बोलावलं होतं. तिच्या ऑफिसात खुर्चीला पट्टे बांधून बसतो आणि गाडी लोळते तेव्हा मान, हात, खांदे कसे जातात ते करून दाखवतो. अंगाला बिल्ले चिकटवतात, चारी बाजूंनी कॅमेरे असतात. सांगताना त्याला थोडी लाज वाटत होती.

"जमिनीवरच असते खुर्ची," तो म्हणाला. "तरी आपटी यायची वेळ झाली की पाय आपोआप ताठ होतो."

त्याला मुंबईच्या गाडीत बसवून आम्ही घरी निघालो. चारोटीला पोहोचलो तेव्हा अजून उजेड होता. बायको गाडीतून उतरून आधी मागच्या भिंतीकडे गेली. मी चावी लावत होतो तेवढ्यात जमिनीतून तो ओळखीचा गुरगुराट आला आणि गॅरेजचा पत्रा थरथरला. दोन-तीन सेकंदच. आम्ही अंगणाच्या मध्ये जाऊन उभे राहिलो. शेजारचेही बाहेर आले. मुलगी म्हणाली की थिएटरातला आवाज याच्यापेक्षा केवढा तरी मोठा होता. कुणी हसलं नाही. पुन्हा धक्का येतो का म्हणून आम्ही थोडा वेळ तसेच थांबलो. मग बायको म्हणाली, मी आधी भिंत बघते, आणि आत गेली.